कुपनावरचा चेहरा

सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापाराचा इतिहास बहुधा डबी, बाटली आणि जाहिरात यांच्याभोवती फिरतो. त्यात एक वस्तू मला दुर्लक्षित राहिलेली दिसते. ती म्हणजे मेकअप कसा करावा हे शिकवणारी पुस्तिका. माल विकणारा गिऱ्हाइकाला दुकानात भेटतो, तर तो वापरायला शिकवणारा रोज सकाळी तिच्या आरशात हजर असतो. या शिकवणीने गिऱ्हाईक कसे बांधले गेले आणि त्या वर्गात कोणाला जागा मिळाली नाही, हे पाहण्यासाठी हॉलिवूडच्या मॅक्स फॅक्टर या पेढीसारखे दुसरे उदाहरण नाही.

संस्थापक मॅक्स फॅक्टर मूळचे पोलंडचे. १९०४ साली ते अमेरिकेत आले आणि काही वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावले. केसांचे टोप बनवणे आणि नटांची रंगभूषा हा त्यांचा धंदा. रंगमंचावर वापरला जाणारा कांडीचा रंग जाड बसे आणि चेहरा हलला की त्याला भेगा पडत. प्रेक्षागृहातून त्या दिसत नसत, पण कॅमेरा जवळ आला की लपत नसत. १९१४ साली फॅक्टर यांनी चित्रपटासाठी पातळ, मलईसारखा रंग तयार केला. नटनट्या त्यांच्या खुर्चीवर येऊन बसू लागल्या. हे ज्ञान तोवर हातातले होते, कागदावरचे नव्हते.

सामान्य स्त्रीला हाच माल विकायचा, तर अडचण वेगळी होती. ‘मेकअप’ हा शब्दच मुळी रंगमंचाचा. घरंदाज स्त्रीला तो उच्चारायला संकोच वाटे आणि आईकडून लेकीकडे यावी अशी ही विद्याही नव्हती. लिपस्टिक हाती पडली, तरी ती कोणत्या छटेची घ्यावी आणि कुठवर लावावी हे सांगणारे घरात कोणी नसे.

पेढीने यावर काढलेला तोडगा मला जुन्या अमेरिकन सिनेमासिकांच्या पानांवर सापडला. विसाच्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या जाहिरातींखाली एक कुपन छापलेले असे. त्यात त्वचेचा वर्ण, डोळ्यांचा, पापण्यांचा आणि केसांचा रंग, ओठ आणि त्वचा कोरडी की स्निग्ध, शिवाय वय, अशा चौकटी. खुणा करून, सोबत थोडी नाणी घालून कुपन पाठवले की तिच्यासाठी म्हणून भरलेला रंगांचा तक्ता आणि ‘द न्यू आर्ट ऑफ सोसायटी मेकअप’ ही सचित्र पुस्तिका टपालाने घरी येई. नटीला खुर्चीत मिळणारा सल्ला आता गावोगावच्या स्त्रीला पोस्टमन आणून देत होता.

तक्त्यामागचे तत्त्व ‘कलर हार्मनी’, म्हणजे रंगसंगती. पावडर, रूज आणि लिपस्टिक या तिन्हींनी चेहऱ्याच्या वर्णाशी आणि एकमेकींशीही जुळले पाहिजे, हा त्याचा गाभा. कलादृष्टीने यात वावगे काही नाही. व्यापारदृष्टीने मात्र खुबी अशी की, एक वस्तू दुसऱ्या पेढीची घेतली की संगती मोडते! एका खरेदीच्या तीन खरेद्या झाल्या आणि छटांची नावे पेढीच्या तक्त्यातली असल्याने धडा गिरवायचा तर मालही तिथलाच लागे. अशा रीतीने गिऱ्हाइकाची शिष्या झाली. १९३५ साली उघडलेल्या हॉलिवूडच्या सलूनमध्ये तर सोनेरी, तांबड्या, तपकिरी आणि काळसर केसांच्या स्त्रियांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या चार खोल्या होत्या. आपल्यासाठी मुद्दाम रंगवलेल्या खोलीत बसलेली स्त्री सहसा दुसऱ्या दारी जात नाही.

पण कुपनावरचे वर्ण वाचताना मी थबकलो. फेअर, क्रीमी, मीडियम, रडी, सॅलो, फ्रेकल्ड आणि सर्वांत शेवटी ऑलिव्ह. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींनी गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी उतरंड रचली. तिचा जाच ठाऊक असूनही म्हणावे लागते की, तिच्यात निदान सावळीला नाव आहे. या कुपनावर काळ्या स्त्रीने खूण करावी अशी चौकटच नव्हती. वर्ग सर्वांना खुला होता, पण हजेरीपटावर तिचे नाव नव्हते.

चाळीसच्या दशकात लीना हॉर्न ही कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री एमजीएममध्ये आली. तिच्यासाठी याच पेढीने ‘लाइट इजिप्शियन’ नावाची छटा तयार केली आणि पुढे गोऱ्या नट्यांना सावळ्या भूमिकांसाठी तीच लावली जाऊ लागली, असे हॉर्न सांगत असे. चौकट एकदाची तयार झाली, पण तीत बसली दुसरीच!

ज्यांना चौकट नव्हती त्यांनी आपली शाळा त्याआधीच काढली होती. धुणे धुऊन पोट भरणाऱ्या, पुढे मॅडम सी. जे. वॉकर म्हणून नावाजलेल्या सारा ब्रीडलव्ह यांनी १९०८ साली पिट्सबर्गमध्ये लेकीच्या नावाने ‘लेलिया कॉलेज’ सुरू केले. विषय केसांच्या निगेचा. पण तत्त्व तेच, आधी शिकवण आणि मग माल. फरक मोठा होता. फॅक्टर यांची शिष्या आरशापुढे एकटी बसे, तर वॉकर यांची शिष्या शिकून स्वतः शिकवू आणि कमावू लागे. १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांच्या दोनशेहून अधिक विक्रेत्या जमल्या. मालाबद्दल बोलून त्या थांबल्या नाहीत. ईस्ट सेंट लुईसमधील हत्याकांडाचा निषेध करून, असे पुन्हा घडू नये म्हणून कायदे करावेत अशी तार त्यांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पाठवली. डबीवरच्या निष्ठेतून एवढे बळ येत नाही. ते येते एकमेकींकडून शिकण्यातून.

मेकअपच्या बाजारात ही दरी बुजायला पुष्कळ काळ गेला. आपल्या मॉडेल्स वर्णाला जुळणारा रंग मिळवण्यासाठी दोन-तीन फाउंडेशने एकत्र कालवतात, हे युनिस जॉन्सन यांनी पाहिले आणि १९७३ मध्ये ‘फॅशन फेअर’ प्रसाधने बाजारात आली. २०१७ मध्ये ‘फेंटी’ने आरंभीच ४० छटा मांडल्या. आज फोनवर मेकअप शिकवणाऱ्या मुलींची कमतरता नाही आणि त्यांच्यामागे जाणारे गिऱ्हाईकही पुष्कळ आहे. तो धडा कितीही सुबक असो, मी त्यात आधी एवढेच पाहतो की, शिकवणारीच्या तक्त्यावर शेवटची चौकट कोणाची आहे.