‘हॉर्टस मलबारिकस’मधील नागरी साक्षीपत्र

युद्धानंतर वनस्पतिसंशोधनानें सलोखा साधतो काय, हा प्रश्न आजचा वाटतो. पण त्याचें एक जुनें उदाहरण कोचीन येथील असून त्यांत नागरी लिपीचीही साक्ष आहे.

इ. स. १६६३ च्या जानेवारींत वलंदेजांनीं फिरंग्यांपासून कोचीन घेतलें. त्या मोहिमेंत असलेला हेंद्रिक वान रीड पुढें मलबारचा कमांडर झाला. युरोपांतून येणारीं औषधें वाटेंतच नासत, आणि त्यांतलीं कित्येक मूळचीं हिंदुस्थानांतलींच! म्हणून त्यानें मलबारच्या झाडपाल्याची चौकशी आरंभिली. कोलंबोपेक्षां कोचीनचें महत्त्व वाढावें, हाही हेतु होताच. ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापले गेले. हा ग्रंथ जेत्याचा आहे. त्यास निव्वळ शांततेचें फळ म्हणणें भाबडेपणाचें होय.

तथापि काम कोणाच्या हातून झालें तें पाहावें. वलंदेज प्रॉटेस्टंट, पण आरंभीं साह्य केलें तें एका इटालियन कार्मेलाइट पाद्र्यानें. झाडें गोळा करण्यास कोचीनच्या राजाची मदत झाली. इट्टि अच्युतन् हा एझवा वैद्य मल्याळींत सांगे, इमॅन्युएल कार्नेरो तें पोर्तुगीज भाषेंत उतरी, व तेथून तें लॅटिनमध्यें जाई. ज्या शत्रूस हांकलून बारा वर्षेंच झालीं होतीं, त्याच्याच भाषेवांचून जेत्याचें पान हालत नव्हतें.

रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण. कोचीनचा कोंकणी समाज बहुतांशीं फिरंगी अमलांत गोवें सोडून आलेला. या तिघांचें नागरी अक्षरांतलें कोंकणी साक्षीपत्र एप्रिल १६७५ चें असून तें पहिल्या खंडांत छापलेलें आहे. युरोपांत नागरी अक्षरें किर्खेरनें १६६७ तच छापलीं होतीं. पण येथें नुसता वर्णमालेचा नमुना नसून, एतद्देशीय वैद्य आपल्या नांवानें आपल्या ज्ञानाची ग्वाही देत आहेत. सलोखा म्हणावयाचा तर तो एवढाच, आणि आमच्या मतें तो थोडा नव्हे. लिनियसनें पुढें या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. साक्षीदारांचीं नांवें मात्र मागें पडलीं. मणिलाल यांचें इंग्रजी भाषांतर २००३ त निघाल्यावर तीं पुनः चर्चेंत आलीं.

या तिघांनीं आधारास घेतलेल्या निघंटूचा पाठ ठरविण्यास ग्रंथांतील नागरी वनस्पतिनामें व निघंटूंच्या पोथ्या शेजारीं ठेवून ताडून पाहाव्या लागतील. कोचीन व गोवें येथील वैद्यघराण्यांच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील वनस्पतिनामांच्या याद्या मंडळाकडे पाठवाव्या.