आदिलाबादच्या गोंडांची नावे

मराठी आडनावांचे प्रकार आपणांस परिचित आहेत. पैठणकर म्हटले की गाव कळते, देशमुख म्हटले की वतन कळते, सोनार म्हटले की धंदा कळतो. परंतु सोयरीक कोठे जुळावी ह्याचा निर्णय अशा आडनावावरून होत नाही. त्यासाठी गोत्र, कुळी किंवा देवक विचारावे लागते. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात राहणाऱ्या राजगोंडांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे कुळनावच हे सारे सांगते.

मेसराम, आत्राम, कुमरा, सोयम, कनक ही त्यांची कुळनावे होत. ही कुळे चार, पाच, सहा व सात भावांच्या शाखांत विभागलेली असून शाखेला 'सगा' म्हणतात. एका सग्यातील कुळे परस्परांची भाऊबंद असल्यामुळे त्यांत विवाह होत नाही. चांदा भागात हीच गणना देवांच्या संख्येने करतात. कुळनावाशी कुळदेवताही निगडित असते. मेसराम हे सात भावांच्या सग्यातील कूळ. ते पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या पूजेसाठी एकत्र येते. कुळात आलेल्या नव्या सुनांना त्या वेळी देवासमोर आणून त्यांची भेट घडवितात. त्यानंतरच त्या कुळाच्या पूजेत सहभागी होतात.

ह्या कुळनावापुढे व्यक्तीचे नाव येते. मराठीत आडनाव शेवटी, तर गोंडीत व तेलुगूत घराण्याचे नाव आधी. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना १९४० साली जोडेघाट येथे मारले गेलेले भीम ह्यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचे कुळ गोंडी उच्चारात कुमरा, तेलुगू लेखनात कोमरम अथवा कुमरम आणि मराठी मुलखात कुमरे. २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा आसिफाबादच्या जिल्ह्यास त्यांचे नाव मिळाले. त्यातही कुळनाव आधीच आहे. उलट, १८६० साली निर्मल येथे फाशी गेलेले रामजी इतिहासात 'रामजी गोंड' म्हणून राहिले. त्यांचे मरसुकोला हे कुळनाव मागे पडले आणि जमातीचे नाव आडनावाच्या जागी बसले. पहिले नाव आपल्या माणसांनी घेतलेले, दुसरे परक्याने नोंदलेले, एवढे ह्यावरून ध्यानात यावे.

मराठीचा ठसाही ह्या नावांवर स्पष्ट आहे. २०१९ साली आदिलाबादहून लोकसभेवर निवडून आलेले सोयम बापूराव ह्यांच्या नावात कुळ गोंडी आणि हाकेचे नाव मराठी आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट परधानांची. गोंड घराण्यांचे हे वंशपरंपरागत भाट किंगरीवर कुळांच्या उत्पत्तिकथा गोंडीत गातात. पण त्यांच्या घरची भाषा मराठी. म्हणजे गोंडांच्या कुळनावांचा इतिहास मराठी बोलणाऱ्यांनी मुखोद्गत राखला आहे. सेतुमाधवराव पगडी ह्यांनी आदिलाबादेत अधिकारी असताना गोंडी आत्मसात केली व तिचे व्याकरण लिहिले. परधानांचे हे कार्य पाहता पगडींचा उद्योग मराठीस अगदीच अपूर्व होता असे म्हणवत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि किनवट व राजुरा ह्या बाजूंचा मुलूख मुंबई राज्यात गेला. कुळे मात्र दोन्हीकडे राहिली. एकाच कुळाचा एक भाऊ तेलुगू दप्तरात कुमरम भीमू, तर दुसरा मराठी दप्तरात भीमराव कुमरे असा नोंदला जाऊ शकतो. शिवाय मेश्राम हे आडनाव विदर्भात गोंडांप्रमाणे बौद्ध घराण्यांतही आढळते. तेव्हा नुसत्या अक्षरांवरून नाते ठरविता येत नाही. सगा विचारावाच लागतो.

हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाही. मुलाचे नाव शाळेच्या पटावर जसे चढते, तसेच ते पुढे दाखल्यावर उतरते. कुळनाव गाळून तेथे 'गोंड' लिहिले, की त्या मुलाचे सगे, देव व सोयरीक ही तिन्ही कागदावरून पुसली जातात. परधानांची किंगरी ऐकणारे जसजसे विरळ होतील, तसतसा कागदच एकमेव साक्षीदार उरेल. म्हणून नाव लिहिण्यापूर्वी घरी ते कसे घेतात आणि त्यातील कुळ कोणते, एवढे विचारण्याचा परिपाठ सीमाभागातील शिक्षकाने ठेवावा. परधानांनी जे शतकानुशतके मुखाने जपले, ते त्याने लेखणीने जपावयाचे आहे.