वलंदेजांची वखार आणि घाटमाथ्याची बाजारपेठ

बेळगावहून पश्चिमेस निघालेला रस्ता आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याच्या बंदरास मिळतो. निपाणीहून निघालेला दुसरा रस्ता राधानगरी व दाजीपूर मागे टाकून फोंडाघाटाने देवगडच्या किनाऱ्यास पोहोचतो. आज या रस्त्यांवरून मोटारी धावतात. परंतु त्यांच्या आसपासच्या वाटा फार जुन्या आहेत. सतराव्या शतकात चंदगडच्या बाजूने उतरणाऱ्या रामघाटाने, तसेच राजापूरकडे जाणाऱ्या अणुस्कुऱ्याच्या घाटाने ओझ्याच्या बैलांचे तांडे मिरी आणि कापड घेऊन खाली उतरत आणि मीठ, खोबरे, तांबे व मसाल्याचे जिन्नस घेऊन वर येत. या तांड्यांचा माल ज्या बंदरांत जाई, त्या बंदरांबाहेर त्या वेळी युरोपातील दोन राष्ट्रांची जीवघेणी स्पर्धा चालू होती. त्या राष्ट्रांपैकी एक इंग्रज आणि दुसरे डच होय. डचांना मराठी माणसाने ‘वलंदेज’ असे आपल्या जिभेला साजेल असे नाव दिले होते. वेंगुर्ल्यात वलंदेजांच्या वखारीची पडकी वास्तू अद्यापि उभी आहे.

या स्पर्धेचा आरंभ एका भांडवलाच्या हिशेबात आहे. लंडनच्या व्यापाऱ्यांना राणी एलिझाबेथकडून पूर्वेकडील व्यापाराची सनद मिळाली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. डचांची संयुक्त कंपनी १६०२ साली स्थापन झाली. इंग्रज दोन वर्षे आधी निघाले खरे. पण त्यांच्या पहिल्या सफरीचे भांडवल होते अवघे ६८ हजार पौंडांच्या आसपास. उलट डच कंपनीपाशी सुमारे ६४ लाख गिल्डर जमले होते. ही रक्कम इंग्रजांच्या भांडवलाच्या अनेक पटींनी मोठी होती. शिवाय इंग्रजांची पद्धत अशी, की एक सफर आटोपली म्हणजे नफा व मुद्दल भागीदारांना वाटून टाकावयाचे आणि पुढच्या सफरीसाठी पुन्हा पैसा गोळा करावयाचा. डचांनी भागीदारांचे मुद्दल कंपनीतच गुंतवून ठेवले. त्यामुळे त्यांना किल्ले बांधता आले, आरमारे पोसता आली आणि एखाद्या वर्षी तोटा आला तरी धीर धरता आला.

दोघांचेही लक्ष प्रथम हिंदुस्थानावर नव्हते. त्यांना हवी होती मोलुक्का बेटांतील लवंग आणि बांदा बेटांतील जायफळ व जायपत्री. परंतु त्या बेटांतील लोकांना युरोपच्या लोकरी कापडाचा काय उपयोग? त्यांना हवे होते हिंदुस्थानचे सुती कापड. म्हणजे लवंग विकत घ्यावयाची तर आधी हिंदी विणकरांचे कापड विकत घेतले पाहिजे, असा हा व्यवहार होता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर वखारी उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः या गरजेतून.

मसाल्याच्या बेटांत दोघांचे बिनसले. १६१९ साली लंडनला तह होऊन दोन्ही कंपन्यांनी एकदिलाने वागावयाचे ठरविले आणि काही काळ त्यांची संयुक्त आरमारे पोर्तुगीजांविरुद्ध अरबी समुद्रात हिंडलीही. १६२६ साली या संयुक्त आरमाराने मुंबई बेटावर उतरून तेथील पोर्तुगीजांची वास्तू जाळली होती. परंतु त्यापूर्वीच मैत्रीला तडा गेला होता. १६२३ साली अंबोयना बेटावर डच अधिकाऱ्यांनी कटाचा आरोप ठेवून दहा इंग्रजांचा शिरच्छेद केला. या घटनेचा डंख इंग्रजांच्या मनात पन्नास वर्षे राहिला. पण त्याहूनही महत्त्वाचा परिणाम असा झाला, की मसाल्याच्या बेटांतून इंग्रजांचे पाऊल मागे आले आणि ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अधिकाधिक घट्ट रोवले गेले. त्या वेळी तो इंग्रजांचा पराभव होता. शंभर वर्षांनंतर तोच त्यांचा लाभ ठरला.

आता वेंगुर्ल्याकडे वळावे. पोर्तुगीजांची राजधानी गोवे. तिला नमविल्याखेरीज पश्चिम समुद्र आपला होणार नाही हे डचांनी ओळखले आणि १६३६ पासून १६४४ पर्यंत दरवर्षी त्यांनी गोव्याच्या मुखाशी आपली जहाजे उभी करून नाकेबंदी केली. पावसाळ्यात हा समुद्र कोणालाच थारा देत नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास यावयाचे आणि मृगाच्या आधी निघून जावयाचे, असा त्यांचा क्रम असे. परंतु महिनोन्‌महिने समुद्रात उभ्या राहिलेल्या शेकडो खलाशांना गोडे पाणी हवे, तांदूळ हवा, आजाऱ्यांना जमिनीवर आसरा हवा. गोव्याच्या उत्तरेस लगतचे सोयीचे बंदर म्हणजे वेंगुर्ले, आणि ते होते विजापूरच्या आदिलशहाच्या मुलखात. १६३७ साली योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूर दरबारी गेला आणि वेंगुर्ल्यास वखार घालण्याचा मार्ग मोकळा झाला. १६३९ च्या सप्टेंबरात मुरगावच्या किल्ल्याच्या तोफांखाली उभी असलेली पोर्तुगीजांची तीन मोठी युद्धजहाजे डचांनी जाळून टाकली. अशा मोहिमांना पाठबळ देण्याचे काम वेंगुर्ल्याच्या वखारीने केले.

इंग्रजांनी दुसरी वाट धरली. १६३५ साली त्यांनी गोव्याच्या व्हाइसरॉयशी तह करून पोर्तुगीजांशी असलेले वैर मिटविले. डचांना दोन शत्रू झाले आणि इंग्रजांना एकच उरला. कोर्टीन याच्या प्रतिस्पर्धी इंग्रज मंडळीने कारवारास बस्तान मांडले होते. मुख्य कंपनीने १६४९ साली राजापुरास वखार घातली. राजापूरच्या इंग्रजांचे डोळे घाटावर लागलेले असत. मिऱ्यासाठी त्यांची माणसे रायबागपर्यंत जात. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले हे गाव त्या काळी मिऱ्याची मोठी पेठ होती. कारवारची वखार हुबळीच्या बाजारातून कापड उचलीत असे. म्हणजे बेळगावच्या दोन्ही अंगांनी, उत्तरेस रायबाग आणि दक्षिणेस हुबळी, इंग्रजांचा पैसा खेळू लागला. आणि पश्चिमेस वेंगुर्ल्यात वलंदेज बसलेला होता.

समुद्रावरील या उलाढालींचा स्पर्श घाटमाथ्याला किती लवकर होत असे याचे एक उदाहरण निपाणीकरांना विशेष वाटेल. तंबाखू हे अमेरिकेतील पीक पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यास आणले. अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला असता त्याला तेथे तंबाखू आढळली, आणि १६०५ च्या सुमारास त्याने ती नवलाची वस्तू म्हणून बादशहापुढे ठेवली. म्हणजे मोगल दरबारास ठाऊक होण्यापूर्वी ती आदिलशाही मुलखात रुळलेली होती. पुढे ज्या पिकावर निपाणीची पेठ नावारूपास आली, ते पीकही जहाजातूनच आलेले आहे.

तथापि व्यापाराची ही घडी नेहमीच शांत नव्हती. इंग्लंड व हॉलंड यांच्यात १६५२ ते १६५४, १६६५ ते १६६७ आणि १६७२ ते १६७४ अशी तीन युद्धे झाली. युद्ध पेटले युरोपात. पण त्याच्या झळा सुरतेच्या व इराणच्या समुद्रापर्यंत येत. पहिल्या युद्धात पूर्वेकडे डचांचा वरचष्मा राहिला. पण घरच्या समुद्रावर त्यांना हार खावी लागली आणि तहात त्यांनी इंग्रज कंपनीला ८५ हजार पौंड नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले. दुसऱ्या युद्धानंतर ब्रेडा येथे जो तह झाला त्यात जायफळाचे चिमुकले रन बेट डचांकडे आणि आजच्या न्यूयॉर्कचा प्रदेश इंग्रजांकडे राहिला. मधल्या काळात, १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ साली ती वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीच्या हाती आली. इकडे डचांनी १६६३ साली कोचीन जिंकून मलबारचे मिरी आपल्या मुठीत आणले.

याच सुमारास या पटावर तिसरी शक्ती उभी राहिली. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफ हाती घेतली, त्याचे प्रायश्चित्त त्याला लवकरच मिळाले. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी करून वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद केले. ते १६६३ साली सुटले. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास प्रारंभ झाला. वेंगुर्ल्याहून फार लांब नसलेल्या या जागेची निवड अर्थपूर्ण आहे. समुद्र ज्याचा, त्याची बंदरे, आणि बंदरे ज्याची त्याचीच घाटावरील पेठ, हा हिशेब महाराजांना उमगला होता. आदिलशाही सरदारांना बंदराचा महसूल दिसत होता. बंदराबाहेरचा समुद्र त्यांनी परक्यांवर सोपविला होता.

या स्पर्धेतील सर्वांत नाट्यपूर्ण प्रसंग १६७३ सालचा. तिसरे युद्ध चालू असताना रिक्लोफ व्हान गोएन्स हा डच सेनापती वीसाहून अधिक जहाजे घेऊन फेब्रुवारीत मुंबईपुढे आला. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने तटबंदी व माणसे यांची सिद्धता केली होती. इंग्रजांच्या तत्कालीन पत्रव्यवहारात अशी नोंद आहे, की डचांनी शिवाजी महाराजांकडे तीन हजार माणसांची मागणी केली. त्यांच्या मदतीने मुंबई घ्यावयाची आणि मोबदल्यात डच आरमाराने सिद्द्याचे दंडाराजपुरी जिंकून द्यावयाचे. हा मोह लहान नव्हता. जंजिऱ्याचा सिद्दी हे महाराजांचे जुने शल्य होते आणि त्याच्या जहाजांना मुंबईच्या बंदरात आसरा मिळत असे. तरीही महाराजांनी ती माणसे दिली नाहीत. मुंबईच्या दुबळ्या इंग्रजाला हुसकून तेथे कोचीन जिंकलेला बलाढ्य वलंदेज आणून बसविण्यात स्वराज्याचे हित नव्हते, हे उघड आहे. दोन परके एकमेकांना वचकून राहतात तोपर्यंत दोघांनाही नमते घ्यावे लागते. व्हान गोएन्स हल्ला न करताच परतला. त्याच वर्षी मच्छलीपट्टणच्या बाजूच्या समुद्रात डचांनी इंग्रजांची तीन जहाजे बाद केली. पण मुंबई वाचली.

पुढच्याच वर्षी, जून १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता आणि राजापूरच्या नुकसानीबाबत तह झाला. वेंगुर्ल्याच्या डचांचाही महाराजांशी पत्रव्यवहार होता. १६७७ साली कर्नाटक स्वारीत डचांना जो कौल मिळाला त्यात माणसांची खरेदी-विक्री करण्यास त्यांना मनाई करण्यात आली. व्यापार करावा, परंतु तो राजाच्या अटींवर, हे सूत्र त्यात स्पष्ट दिसते.

इतकी मोठी डच सत्ता मग मागे का पडली? त्यांचा पाया समुद्रात पक्का होता. पण मायदेशाला फ्रान्सच्या सैन्याचा सतत धोका होता आणि त्या लढायांत त्यांचा पैसा खर्ची पडला. १६८९ साली ऑरेंजचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर गेला आणि कालचे शत्रू मित्र झाले. त्या मैत्रीत समुद्राची धुरा हळूहळू इंग्लंडकडे गेली. दुसरे असे, की डचांचे चित्त मसाल्यात गुंतले होते आणि युरोपची आवड सुती कापडाकडे वळत होती. त्या कापडाच्या देशात इंग्रज आधीच घर करून होते. १७४१ साली त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने कोलाचल येथे डचांचा पराभव केला. १७९९ च्या अखेरीस ती कंपनीच मोडीत निघाली.

या सर्व घडामोडींचा अर्थ ज्या मराठी मुत्सद्द्याने नेमका टिपला, तो रामचंद्रपंत अमात्य. कोल्हापूरच्या गादीच्या छायेत १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त इतर सावकार आणि टोपीकर यांत भेद केला आहे. इतर सावकार हे निव्वळ सावकार. परंतु इंग्रज, वलंदेज, फिरंगी यांच्या पाठीशी राजे आहेत आणि ज्या मुलखात जातील तेथे जागा बळकावण्याची त्यांची वृत्ती आहे, असा त्याचा आशय. म्हणून त्यांना किनाऱ्यालगत जागा देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा सावधगिरीचा इशारा त्याने दिला. पन्हाळ्याच्या परिसरात राहून राज्य राखणाऱ्या या पुरुषाने राजापूर व वेंगुर्ले डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहिले असले पाहिजे.

तो इशारा पाळला गेला नाही. १८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. एप्रिल १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला पडला. तेव्हा या प्रदेशातील विणकराच्या व शेतकऱ्याच्या दृष्टीने एक मोठा फरक घडून आला होता. सतराव्या शतकात त्याच्या मालाला इंग्रज, वलंदेज, फिरंगी, अरब आणि देशी सावकार असे अनेक गिऱ्हाईक होते. एकाने भाव पाडला तर दुसऱ्या घाटाने माल उतरविता येई. समुद्रावर एकाचीच सत्ता झाली, तशी ही निवड संपत आली. आणि पुढे विलायतेच्या गिरण्यांचे कापड त्याच घाटांनी वर चढू लागले. इंग्रज आणि वलंदेज यांची झुंज ही परक्यांची भांडणे म्हणून येथे फारशी कोणी मनावर घेतली नव्हती. तिचा निकाल मात्र हातमागावर बसलेल्या प्रत्येक घराला भोगावा लागला.