संयुग आणि मिश्रण

संयुग आणि मिश्रण : दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधांनी जोडले गेले की संयुग तयार होते. निरनिराळे पदार्थ रासायनिक अभिक्रिया न होता एकत्र आले, तर ते मिश्रण. मिश्रणातला घटक आपले गुणधर्म राखून असतो. संयुगात ते लोपतात. सोडियम हा पाण्यात पडताच पेट घेऊ शकणारा मऊ धातू, क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू आणि त्यांचे संयुग म्हणजे जेवणातले मीठ. शाळेत हा फरक दोन रकान्यांच्या तक्त्यात शिकवतात. त्या तक्त्यातला खरा कळीचा शब्द ‘ठरावीक प्रमाण’ हा आहे आणि तो एका ओळीत उरकला जातो, हे योग्य नाही. प्रमाण कोण ठरवते, हाच या विषयाचा गाभा आहे.

मिठागरात हे प्रत्यक्ष पाहता येते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. ते विरघळलेल्या आयनांच्या रूपात असतात : मुख्यतः क्लोराइड आणि सोडियम, शिवाय सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. म्हणजे समुद्राचे पाणी हे समांगी मिश्रण, अर्थात द्रावण. कोकणात आणि गोव्यात भरतीचे पाणी बांधातल्या दारातून आत घेतात (गोव्यात या दाराला मानस म्हणतात) आणि उथळ वाफ्यांतून पुढे पुढे सरकवत उन्हात आटवतात. पाणी साधारण निम्मे आटेपर्यंत कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागते. सुमारे एक पंचमांश उरले की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. एक दशांशाच्या आसपास, पाण्याची घनता 1.21 झाली की मिठाचे दाणे धरू लागतात. मिठागराच्या भाषेत हा पंचवीस बोमे अंशांचा टप्पा. तीस अंशांच्या आत उरलेले कडवट पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षारही मिठात उतरतात आणि मीठ कडू होते.

समुद्राच्या पाण्यात दर 100 सोडियम आयनांमागे सुमारे 116 क्लोराइड आयन असतात. त्यातून धरलेल्या मिठाच्या स्फटिकात मात्र 100 ला 100. जास्तीचे क्लोराइड मिठात शिरत नाही; ते मॅग्नेशियमबरोबर कडवट पाण्यात राहते. वजनाने पाहिले तर शुद्ध मिठात सोडियम 39.3 टक्के आणि क्लोरीन 60.7 टक्के. ते मीठ शिरोड्याच्या आगरातले असो, खाणीतले असो की प्रयोगशाळेत केलेले.

पोत्यातले खडे मीठ मात्र पुन्हा मिश्रणच. दाण्याला चिकटलेले मॅग्नेशियम क्लोराइड हवेची आर्द्रता 33 टक्क्यांवर गेली की पाणी ओढू लागते. शुद्ध मीठ साधारण 75 टक्क्यांपर्यंत कोरडे राहते. पावसाळ्याच्या कितीतरी आधी, नुसत्या दमट हवेनेही खड्या मिठाला पाणी सुटते, ते यामुळे. पुडीतल्या आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेट वरून मिसळलेले असते. विक्रीच्या वेळी आयोडीन दशलक्ष भागांत किमान 15 भाग असावे, हे कायदा ठरवतो आणि तो आकडा बदलता येतो. सोडियम आणि क्लोरीन यांचे प्रमाण कोणत्याही कायद्याने बदलणार नाही.

हे तत्त्व सहजी मान्य झालेले नाही. स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1799 मध्ये दाखवले की, निसर्गात सापडणारे आणि प्रयोगशाळेत बनवलेले कॉपर कार्बोनेट यांतील घटकांचे प्रमाण एकच असते. क्लोद बर्थोले या रसायनशास्त्रज्ञाला ते पटेना. नेपोलियनबरोबर तो 1798 मध्ये इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी चुनखडकाच्या सान्निध्यात सोड्याची पुटे साचलेली त्याने पाहिली. मीठ आणि चुनखडक यांच्यापासून सोडा होत होता; म्हणजे प्रयोगशाळेतली नेहमीची अभिक्रिया तिथे उलट दिशेने चालली होती. पदार्थ किती आहे यावर अभिक्रियेची दिशा अवलंबून असते, हा त्याचा निष्कर्ष अचूक आणि दूरगामी होता. मात्र त्यावरून संयुगातले प्रमाणही सलगपणे बदलू शकते असे त्याने मानले. त्याने दिलेल्या पुष्कळशा उदाहरणांत मुळात मिश्रणेच होती, हे प्रूस्तने एकेक करून दाखवले. हा वाद 1808 पर्यंत चालला आणि तो विलक्षण सभ्यपणे झाला. त्याच वर्षी जॉन डाल्टनचा अणुसिद्धांत ग्रंथरूपाने आला. अणू अर्धा जोडता येत नाही, म्हणून प्रमाण ठरावीक, असे कारण त्यातून मिळाले. शाळेतला लोहकीस आणि गंधकाचा प्रयोग हेच सांगतो : वजनाने 7 भाग लोहाला 4 भाग गंधक लागते. 4 ग्रॅम गंधकाबरोबर 10 ग्रॅम लोह घेतले तर 3 ग्रॅम लोह तसेच उरते आणि चुंबकाला चिकटते.

प्रमाण स्थिर दिसले म्हणजे संयुग झाले, असेही नाही. चॅलेंजर जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार याने तपासले. खारटपणा कमीजास्त असला तरी क्षारांचे परस्परप्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखे निघाले. समुद्र सतत ढवळला जातो म्हणून हे घडते. याच डिटमारने तरुणपणी हेन्री रॉस्को याच्यासह हायड्रोक्लोरिक आम्ल उकळून पाहिले होते. नेहमीच्या दाबाखाली ते 20.2 टक्क्यांवर स्थिर होते आणि पुढे न बदलता उकळत राहते. हा आकडा आम्लाचा एक रेणू आणि पाण्याचे आठ रेणू यांच्या हिशेबाशी चपखल बसतो, त्यामुळे ते संयुग वाटते. दाब कमी केल्यावर मात्र उकळणाऱ्या द्रवातले आम्लाचे प्रमाण वाढले. दाबासरशी बदलणारे प्रमाण संयुगाचे नव्हे.

हवेने तर याहून जास्त काळ चकवले : तिच्यातल्या नायट्रोजनमध्ये दुसराच वायू मिसळलेला होता. हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो, हे लॉर्ड रॅली याच्या ध्यानात आले. त्या फरकाचा माग काढताना 1894 मध्ये त्याला आणि विल्यम रॅम्झी याला आर्गॉन सापडला. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे.

मिश्रणाचे घटक वेगळे दिसत असतील तर ते विषमांगी, एकजीव असतील तर समांगी. दूध दिसते एकजीव, पण ते कलिल आहे. गाळणे, निवळणे, ऊर्ध्वपातन, स्फटिकीभवन, अपकेंद्रीकरण अशा भौतिक रीतींनी घटक वेगळे करतात. संयुग फोडायला रासायनिक बदल घडवावा लागतो. हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये वितळलेल्या दाहक सोड्यातून वीज सोडून सोडियम मिळवले, ते असे.

बर्थोलेची बाजू पूर्णपणे संपली नाही. वुस्टाइट या लोहाच्या ऑक्साइडात 100 ऑक्सिजन अणूंमागे लोहाचे सुमारे 84 ते 95 अणू असतात. नेमके किती, ते तापमानावर आणि भोवतीच्या ऑक्सिजनवर ठरते. स्फटिकातल्या लोहाच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि काही लोह आयन जादा विद्युतभार घेऊन हिशेब जुळवतात. निकोलाय कुर्नाकोव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने अशा संयुगांना बर्थोलाइडे आणि ठाम प्रमाणाच्या संयुगांना डाल्टनाइडे अशी नावे दिली.