लोण्याच्या वाट्यांचा वड

मागच्या वटपौर्णिमेला आमच्या गटाने ठरवलं की फांद्या तोडून आणायच्या नाहीत, कुंडीतला वड पुजायचा. एका ताईंनी कुंडी आणली, तर त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा कसला वड? पानांचे द्रोण झालेत की!"

तो होता कृष्णवड. याच्या पानाच्या कडा देठाजवळ जुळून वाटी तयार होते. बाळकृष्णाने चोरलेलं लोणी यशोदेच्या भीतीने वडाच्या पानात लपवलं, तेव्हापासून पान तसंच वळलं, अशी गोष्ट सांगतात. म्हणून हिंदीत त्याला माखन कटोरी म्हणतात.

कागदावरचा इतिहास मात्र कलकत्त्याला सुरू होतो. हुगळी नदीच्या काठी, शिवपूरला, 1787 साली रॉबर्ट किड या लष्करी अधिकाऱ्याने कंपनी सरकारसाठी बाग उभारली. हेतू शोभेचा नव्हता. साग, मसाले अशी व्यापाराच्या कामाची झाडं हवी होती. याच बागेत तो प्रसिद्ध अवाढव्य वड आहे. त्याचं मूळ खोड 1925 साली काढून टाकावं लागलं, तरी तो पारंब्यांवर उभा आहे. (बाईच्या संसारासारखाच, असं आमच्या गटात कुणीतरी म्हणालंच!)

कलकत्त्यातल्या वाटीच्या पानांच्या झाडावरून जिनिव्हाच्या कासिमिर द कँडॉल यांनी 1901 साली त्याला 'फायकस कृष्णी' असं शास्त्रीय नाव दिलं. त्यांनी एक गंमत टिपली. वाटीची आतली बाजू म्हणजे पानाची खालची बाजू! पान जणू उलटं वळलेलं. पुढे अभ्यासकांनी ठरवलं की ही वेगळी जात नव्हे, आपल्याच वडाचा एक प्रकार आहे. कृष्ण नावात राहिला. शास्त्राच्या पुस्तकात त्या नावापुढे कँडॉलसाहेबांची आद्याक्षरं लागतात. गोष्ट सांगणाऱ्या आयाआज्यांची कुठून लागणार?

आता आमची फजिती सांगते. विक्रीसाठी म्हणून आम्ही एका रोपवाटिकेतून कृष्णवडाची दहा रोपं आणली, कोवळी, दोन-दोन पानांची. वाढली तशी सात रोपांची पानं सपाट निघाली, साधा वड! गटाचे पैसे गेले, बैठकीत बोलणी मला बसली. चूक माझीच, वाट्या न पाहता रोपं घेतली.

आता आम्ही स्वतःच गुटी बांधतो. पावसाळ्यात, वाट्यांची पानं असलेल्या पेन्सिलएवढ्या फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची. चीक पुसायचा, डोळ्याला हात लावायचा नाही. ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. मुळं बाहेरून दिसली की फांदी कापून कुंडीत लावायची. ऊन भरपूर, पाणी साचू द्यायचं नाही. आणि जमिनीत लावणार असाल तर घराच्या भिंतीपासून लांब. पान कितीही गोंडस असलं, तरी मुळं वडाचीच आहेत.