रुजू व्हायच्या आधीचे नऊ महिने

टेल्कोच्या पोस्टकार्डाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. 1974 साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये टेल्कोची जाहिरात लागते, खाली बारीक अक्षरात ‘स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये’. सुधा कुलकर्णी (म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती) वैतागून थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकतात, पिंपरीला मुलाखतीचं बोलावणं येतं, आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली बाई इंजिनिअर येते. छानच गोष्ट आहे. पण त्यातली एक गंमत कुणी सांगत नाही. ती जाहिरात तेव्हा बेकायदा नव्हती! खाजगी कंपनीला भरती करताना बाईला नाही म्हणायला मनाई करणारा कायदा आला 1976 मध्ये, समान वेतन कायदा.

तर पाटी गेली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर-सफारी जोडणाऱ्या लाइनवर सगळ्या मुली आहेत. चाकणला बजाजची डॉमिनार आली तेव्हा तीही मुलींच्याच टीमनं जोडली होती. अर्ज करू नये असं आता कुणी म्हणत नाही.

फक्त चौथा-पाचवा महिना लागलेला असताना अर्ज करून बघा.

माझ्या एका मैत्रिणीनं मध्यंतरी विचारलं, “इंटरव्ह्यूमध्ये सांगायचं की नाही रे?” मला उत्तर देता आलं नाही, म्हणून सवयीप्रमाणे शनिवारी वाचत बसलो. आणि लक्षात आलं की हा प्रश्न जवळपास शंभर वर्षं जुना आहे आणि त्याचं मूळ आपल्या मुंबईतच आहे.

1924 मध्ये ना. म. जोशींनी दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं होतं, ते नामंजूर झालं. मग मुंबई प्रांतानं आपला वेगळा कायदा केला, 1929 साली. देशातला या प्रकारचा पहिला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या रजेत दिवसाला आठ आणे, आणि ते द्यायचे मालकानं. जुलै 1928 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकर विधेयकाच्या बाजूनं बोलले. त्यांचं म्हणणं असं की आईला विश्रांती मिळणं यात देशाचंच हित आहे, त्यामुळे खरं तर हा बोजा बराचसा सरकारनं उचलायला हवा. पण मालकालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो.

हा मुद्दा मला फार नेमका वाटतो. कारण पुढं झालं असं की बोजा मालकावरच राहिला, आणि मालक हिशेबी माणूस. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागं एक बाई होती. नंतरच्या दशकांत हे प्रमाण घसरत गेलं. त्याला कारणं बरीच आहेत: नवी यंत्रं आली, बायकांची खाती बंद झाली, रात्रपाळीला त्यांना मनाई होती. पण बाईला ठेवली की खर्च वाढतो, हे गणितही त्यात होतंच.

शिवाय कायद्यात एक अट होती, आधी ठरावीक काळ नोकरी झालेली हवी. म्हणजे संरक्षण कुणाला? जी आधीच आत आहे तिला. जी दाराबाहेर उभी आहे तिच्याबद्दल कायदा गप्प. आपल्या भाषेत सांगायचं तर ही एज केस स्पेकमध्ये लिहिलीच नाही.

आत असलेल्यांची लढाईही सोपी नव्हती म्हणा. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणाला हवाईसुंदरीची नोकरी संपायची. सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला 1981 मध्ये, नर्गिस मिर्झा खटल्यात. (त्याच निकालात नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली. असो.)

आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची केस म्हणजे नीरा माथूर विरुद्ध एलआयसी. कंपनीचं मुख्यालय मुंबईत, पण घटना दिल्लीची. बाईंनी मे 1989 मध्ये नोकरीसाठी जाहीरनामा भरून दिला. त्यात विचारलं होतं: पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, आत्तापर्यंत किती वेळा गर्भ राहिला. एलआयसीच्या डॉक्टरनं तपासून तब्येत ठीक आहे असं लिहिलं. सप्टेंबरात त्या रुजू झाल्या, जानेवारी 1990 मध्ये बाळंत झाल्या, आणि फेब्रुवारीत, रजेवर असतानाच, प्रोबेशनमधून काढल्याचं पत्र आलं. कारण काय, तर पाळीची तारीख खोटी दिली! 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि फॉर्ममधले हे रकाने काढून टाकायला सांगितलं.

संपलं का? छे. डिसेंबर 2021 मध्ये स्टेट बँकेनं परिपत्रक काढलं की तीन महिन्यांहून जास्त गरोदर उमेदवार ‘तात्पुरती अपात्र’, बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत रुजू व्हावं. आरडाओरडा झाल्यावर जानेवारी 2022 मध्ये ते मागं घेतलं. निदान स्टेट बँकेनं ते लिहून तरी ठेवलं होतं. बाकीच्या ठिकाणी ‘वुई विल गेट बॅक टू यू’ पुरतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये या इतिहासाची एक उलटी गंमत दिसते. महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतो, म्हणजे चाकणच्या लाइनवरच्या मुलीच्या रजेचे पैसे मालक नाही, ईएसआय महामंडळ देतं. आंबेडकर म्हणत होते त्याच्या बरंच जवळचं. (ती मुलगी कंत्राटदाराच्या वहीवर असेल आणि हप्ते भरलेच नसतील, तर मात्र चिंचवडच्या ईएसआय हॉस्पिटलात जाऊनही पैसे मिळणं अवघड.) पण हिंजवडीतल्या इंजिनिअरचा पगार त्या मर्यादेच्या कितीतरी वर, त्यामुळे तिच्या 26 आठवड्यांचा पूर्ण पगार कंपनीच्या खिशातून. 2017 मध्ये रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली, ती अर्थातच हवी होती, पण एचआरच्या एक्सेलमधला आकडाही तेवढाच वाढला.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. आपण गरोदर आहोत हे मुलाखतीत सांगायलाच हवं असं कायद्यात कुठं नाही. मात्र भत्त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्याच मालकाकडं 80 दिवस काम झालेलं लागतं. 1961 च्या कायद्यात 1988 पासून हीच अट होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. आधीच्या कंपनीतली दहा वर्षं इथं शून्य. पाच दिवसांचा आठवडा धरला तर 80 दिवस म्हणजे 16 आठवडे. आधी थोडी विश्रांती हवी असेल तर विसाव्या आठवड्याच्या आसपास रुजू व्हायला हवं. आणि आपल्याकडं नोटीस पिरियड असतो 90 दिवसांचा, म्हणजे राजीनामा टाकायचा सातव्या आठवड्यात, घरी सांगायच्याही आधी.

हे मी तिला सांगितलं. तिनं बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाली, “म्हणजे ऑफर लेटर मागच्या महिन्यातच हवं होतं.”