रावबहादुर बोले यांचा पाण्याचा ठराव

मुंबईत दादरहून प्रभादेवीस सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणारे आपले ज्ञातिबांधव ज्या रस्त्याने जातात, त्यास एस. के. बोले यांचे नाव आहे. हे बोले कोण, असे घरातील मुलांनी विचारले, तर ‘आपल्या भंडारी ज्ञातीतील एक थोर पुरुष’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. म्हणून रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या सार्वजनिक जीवनातील एका कार्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने द्यावी, असे योजिले आहे.

आपली ज्ञाती मूळची कोकणपट्टीतील. माडाची माडी काढणे हा तिच्यातील पुष्कळ घरांचा परंपरागत व्यवसाय. इ. स. १८७८ च्या आबकारी कायद्याने झाडांवरील कराचा बोजा वाढला आणि हा धंदा खालावत गेला. अशा ज्ञातीतून कायदे कौन्सिलात गेलेल्या गृहस्थाने केवळ स्वजनांच्या सवलतींचा पाठपुरावा केला असता, तरी त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु बोले यांची दृष्टी पहिल्यापासून विशाल होती. गिरणी कामगारांसाठी निघालेल्या कामगार हितवर्धक सभेचे ते एक संस्थापक. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या गौरवार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्षपद बोले यांनी भूषविले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले, ते याच प्रसंगी.

पुढे बोले मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. तेथे ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेली वा चालविलेली, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने स्थापिलेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गास करू द्यावा, अशी त्यात शिफारस होती. ठरावाची भाषा पाहण्यासारखी आहे. तीत दयेची याचना नाही. जे सार्वजनिक पैशाने उभे राहिले, ते साऱ्यांचे, एवढाच साधा हिशेब आहे.

तथापि ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. कौन्सिल शिफारस करी, सरकार आज्ञा काढी, आणि अंमल नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या हाती राही. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी सर्व खात्यांना तशी आज्ञा दिली. परंतु गावोगावचे पाणवठे पूर्वीसारखेच राहिले. दुसरा कोणी असता, तर ठराव संमत झाल्याच्या समाधानात स्वस्थ बसला असता. बोले बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी पुन्हा ठराव आणला. ज्या नगरपालिका व बोर्डे या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांची सरकारी मदत बंद करावी, असे त्यात म्हटले होते. केवळ उपदेशाने काम होत नाही, हे त्यांनी तीन वर्षांच्या अनुभवाने ओळखले होते.

कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने या ठरावास अनुसरून १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण तोही कागदावरच होता. तो कागदावरून पाण्यावर आणण्याचे कार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी २० मार्च १९२७ रोजी केले. ओंजळभर पाणी पिऊन ही मंडळी परतली, तोच त्यांच्यावर लाठ्या चालल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बोले यांच्या ठरावास चार वर्षे होतात न होतात तोच, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले, तेव्हा कोठे तो प्रश्न मिटला. एका ओंजळीस दहा वर्षे लागली!

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख आहे, आणि तेथेही शासनाच्या पैशातून राखलेल्या जागा हाच निकष आहे. जे १९२३ साली शिफारस होते, ते आता प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क झाले आहे.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने अर्धाच इतिहास सांगू नये. प्रस्तुत लेखकाचे वडील सांगत, की आमच्या वाडीजवळची विहीर लोकल बोर्डाने बांधलेली होती. तिच्या भोवती घरे होती ती आपल्याच ज्ञातीची. खालच्या वाडीतील बाया घागरी घेऊन दूर उभ्या राहत, आणि कोणी वरून पाणी ओतले तर घेऊन जात. वडिलांच्या बालपणी, म्हणजे बोले यांचा ठराव होऊन दहा-बारा वर्षे लोटल्यावरही, हेच चालू होते. ‘आम्ही पाणी ओतत होतो, याचेच आम्हांस पुण्य वाटे,’ असे म्हणून वडील गप्प होत. शाळेत मी तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकविला, पण ही गोष्ट वर्गात एकदाही सांगितली नाही. ती आज येथे सांगून मोकळा होतो.

थोर पुरुष ज्ञातीत जन्मला, म्हणजे त्याचे कार्य आपोआप ज्ञातीचे होत नाही. आपण ते अंगीकारिले, तरच होते. बोले यांनी कौन्सिलात जे मागितले, ते परक्या गावच्या विहिरीसाठी नव्हते. आपल्या वाडीतील विहिरीसाठीही होते. यापुढे मुलांनी त्या रस्त्याचे नाव विचारले, तर त्यांना थोर पुरुषाबरोबर ही विहीरही सांगावी, एवढीच ज्ञातीतील वडीलधाऱ्यांस नम्र विनंती आहे.